एक पाटा जास्त

॥ श्री ॥
रोटोटुना, हॅमिल्टन
९ फेब्रुवारी २०२५

ती. नाना आणि ती. आईंना सुमेधाचा सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं राजश्रीताईंकडे हॉर्नबीला गेलात त्याला तीन आठवडे झाले. वल्लरी शाळेतून आली की तुमच्या खोलीत डोकावते आणि आत्याचा टर्न कधी संपणार असं इंग्रजीत विचारते. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं, ईमेल तुम्ही उघडत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय विषय असा आहे की फोनवर बोलले तर तुमचे चिरंजीव शेजारच्या खोलीतून ऐकतील.

विषय चिरंजीवांचाच आहे. देवदत्तची ती २००२ सालची, मागे उघडा हौदा असलेली यूट तुम्ही पाहिली आहे. आता त्याला ती उंच करायची आहे. गेल्या महिन्यात रॅगलनच्या पलीकडे कॅम्पिंगला गेलो, तेव्हा कच्च्या रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं आणि आम्ही तिथेच अडकलो. शेवटी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून ओढून काढलं. तेव्हापासून ऑफिसातला हरीश याच्या मागे लागलाय की चार इंच उचलून टाक. हरीशने स्वतःची उचलली आहे आणि तिच्यात चढायला त्याची बायको घरून स्टूल घेऊन निघते.

मी म्हटलं, त्या रस्त्याने जाऊच नकोस. तर म्हणाला की मग न्यूझीलंडला येऊन उपयोग काय. नाना, दर शनिवारी तो वल्लरीला त्याच गाडीतून घेऊन जातो. गाडी जुनी, वर उंच केलेली, आणि आत माझी मुलगी. मला भीती वाटते हे सांगून पाहिलं, तर तो मला व्हिडिओ दाखवतो. तुमचा सगळा जन्म एस.टी.च्या वर्कशॉपात गेला. तुमचा शब्द तो मोडणार नाही. एक कडक पत्र लिहा आणि हे खूळ त्याच्या डोक्यातून काढा.

आईंचा गुडघा कसा आहे ते कळवा. लोभ आहेच, या वेळी तो माझ्या बाजूने असावा.

आपली,
सुमेधा


॥ श्री ॥
हॉर्नबी, क्राइस्टचर्च
१९ फेब्रुवारी २०२५

चि. देवदत्त यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गाडी उंच करतो आहेस असं कळलं. कोणाकडून ते विचारू नकोस. सुमेधाकडून.

चार इंच हा शुद्ध मूर्खपणा आहे. एवढी उंच गाडी वळणावर कलंडायला टपलेली असते. ब्रेकचे पाइप ताणले जातात. तुझा मित्र मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालायला सांगेल, ते तर कानाआड कर. पण गाडीचं पोट टेकतं हेही खोटं नसणार. बावीस-तेवीस वर्षांत मागचे पाटे बसले असतील. त्यावर उपाय सोपा आहे. भंगारवाल्याकडून तशाच गाडीचे दोन चांगले पाटे आण आणि प्रत्येक बाजूला मुख्य पाट्याखाली एकेक वाढव. दीड इंच सहज वर येईल. नव्या सेटवर पैसे उधळायची गरज नाही. पाटा कसा निवडायचा, चीर कशी बघायची, कोणत्या क्रमाने आवळायचं, ते पुढच्या तीन पानांवर आकृत्या काढून लिहिलं आहे.

तुला असं पत्र मी यापूर्वी लिहिलं नव्हतं. तुझं कॉम्प्युटरचं काम मला कळत नाही, त्यामुळे तुला काय विचारावं हे कधी सुचलंच नाही. हे मात्र मला कळतं. लिहिताना बरं वाटलं.

तुझ्या आईचा आशीर्वाद. वल्लरीला पापा. पन्नास किलोमीटर चालवून झाल्यावर नट पुन्हा आवळ, आणि खुशाली कळव.

तुझा,
नाना


॥ श्री ॥
रोटोटुना
९ मार्च २०२५

ती. नानांना सा. न. वि. वि.

नाना, मी तुम्हाला आग विझवायला बोलावलं आणि तुम्ही काड्यापेटी घेऊन आलात! चार पानं, आणि तीही आकृत्यांसकट. वर माझं नावही सांगून टाकलंत. त्या दिवशी चहा मला एकटीलाच घ्यावा लागला.

देवदत्तने ते पत्र तीनदा वाचलं आणि प्लास्टिकच्या फोल्डरात आमच्या पासपोर्टांशेजारी ठेवलं. मग दोन शनिवार भंगारवाले पालथे घातले. काल हरीशच्या गॅरेजमध्ये पाटे चढवले. दीड इंच म्हणाला होतात, मागची बाजू जवळजवळ दोन इंच वर आली आहे. वल्लरीने गाडीभोवती फेरी मारली आणि स्वीट ॲझ, म्हणजे एकदम झकास, असा निकाल दिला. मला मात्र गाडी दणके मारतेय असं वाटलं. सुपरमार्केटमधून आणलेली अंडी घरी येईपर्यंत फुटली. मी तसं बोलले, तर देवदत्त म्हणाला की नानांनी सांगितलंय तसंच केलंय, पाटे हळूहळू बसतील.

निदान चार इंचांवरून दोनवर आलं, यात समाधान मानते. आणि खरं सांगायचं तर तो इतका खूश आहे की नीट रागावताही येत नाही. गाडी धुताना गाणं म्हणत होता. हा माणूस गातो हे मला लग्नाला बारा वर्षं झाल्यावर कळलं.

आईंना नमस्कार. तुमच्यावर रुसले आहे, तरी लोभ चालू ठेवावा.

आपली,
सुमेधा


रोटोटुना
३१ मार्च २०२५

ती. नानांना सा. न. वि. वि.

आधी हे वाचा, की सगळे सुखरूप आहेत.

परवा शनिवारी देवदत्त आणि वल्लरी समुद्राकडे निघाले होते. गाडी मागे पूर्ण रिकामी. खडीच्या रस्त्यावर वळण घेताना खड्ड्यांची रांग लागली, तशी मागची चाकं उड्या मारायला लागली आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली गेली. यूट कुंपणाचे दोन खांब मोडून तिसऱ्यावर थांबली. त्या खांबापलीकडे वीस फूट खाली ओढा आहे. मी काल जाऊन पाहून आले. पाहायला नको होतं.

वल्लरीच्या खांद्यावर सीटबेल्टचा निळा वळ उठला आहे, बाकी काही नाही. डॉक्टरांना दाखवलं. ती रडली नाही. फक्त आता कुठल्याच गाडीत पुढे बसायला तयार नाही.

मी कोणावर चिडू तेच मला समजत नाही. तुम्हाला मी हे लिहू नये असं देवदत्तने मला बजावलं होतं. पण मला राहवत नाही, नाना. मी तुम्हाला हे थांबवा म्हणून लिहिलं होतं.

आईंना सांभाळून सांगा. आज याहून जास्त लिहवत नाही.

सुमेधा


॥ श्री ॥
हॉर्नबी
७ एप्रिल २०२५

चि. सौ. सुमेधा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तुझ्या सासूबाईंनी काय लिहिलंय विचारलं तेव्हा त्यांना पत्रच दिलं. त्या मला जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. ते सगळं रास्त होतं.

चूक माझी आहे. पस्तीस वर्षांत माझ्यासमोर पाटे मोडून आलेली प्रत्येक गाडी वजनाने मोडलेली होती. टपावर पोती, आत माणसं दाटीवाटीने. तिथे पाटा वाढवणं हाच इलाज. रिकामी हिंडणारी हलकी गाडी माझ्या हाताखालून कधी गेलीच नाही. तिला जास्तीचा पाटा घातला की ती ताठ होते आणि खडीवर चाक टेकवेनाशी होते, हे मला सुचायला हवं होतं. मी विचारलंही नाही की मागे वजन किती असतं. ते न विचारता चार पानं लिहिली. मला माझी लाज वाटते.

आता दोघांनी मिळून एवढं करा. ते पाटे आधी काढा. गाडी मेकॅनिककडे न्या, मागे नेहमी किती वजन असतं ते त्याला सांगा, आणि रिकाम्या गाडीला बेताचे असे नवे पाटे आणि त्यांच्या जोडीचे शॉकॲब्सॉर्बर एकत्र घ्या. एक जुनं, एक नवं असं नको. थोडीच उंची घ्या. मी पैसे उधळू नकोस लिहिलं होतं, ते खोडून टाक.

वल्लरीला सांग, आजोबांनी चुकीचं शिकवलं. तिला हे माझ्या नावाने कळायला हवं. तुझा राग पुरा होऊ दे, मग जमेल तेव्हा लोभ.

तुझा,
नाना


॥ श्री ॥
रोटोटुना
२२ एप्रिल २०२५

ती. नानांना सा. न. वि. वि.

राग पुरा झाला असं वाटत असतानाच नवा आला, म्हणून उशीर.

गाडी टे रापातल्या मोहन मेकॅनिककडे नेली. मोहन फिजीचा, अगदी सरळ माणूस. त्याने तुम्ही लिहिलंय तेच सांगितलं. चाळीस मिलिमीटर उंची देणारा, पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर जोडीने येणारा सेट घ्या. पन्नासच्या वर गेलात तर इथे वेगळं सर्टिफिकेट लागतं, आणि जुन्या गाडीवर तो खर्च वाया जातो. मधल्या कंपनीचा घेतला तर महागड्या सेटच्या निम्म्यात होतो. पुढच्या महिन्यात तो बसवून देईल, चाकांची अलाइनमेंटही करेल. इथवर सगळं ठीक.

मग मोहन सहज बोलून गेला की मी तर तुमच्या मिस्टरांना मार्चमध्येच नको म्हटलं होतं. नाना, देवदत्त पाटे घेऊन आधी त्याच्याकडेच गेला होता. रिकाम्या गाडीला हे घालू नका, उडेल, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तर हा हरीशच्या गॅरेजमध्ये गेला!

घरी येऊन मी फक्त एकदा विचारलं, का. तो म्हणाला की नानांनी मला जन्मात पहिल्यांदा काही समजावून लिहिलं होतं, त्यात चूक आहे असं त्यांना कसं कळवणार होतो.

यावर मी काय बोलू ते तुम्हीच सांगा. तुमच्या घरात वडिलांना चुकलात म्हणायची पद्धत नाही हे मला माहीत होतं. तिची किंमत माझी मुलगी देणार होती हे माहीत नव्हतं. तुम्हा दोघांना समोर बसवून ओरडावंसं वाटतं, आणि त्याच वेळी त्याची दयाही येते.

वल्लरी आता मागच्या सीटवर बसून येते. आईंना नमस्कार. लोभ तुटलेला नाही, पण दमला आहे.

आपली,
सुमेधा


॥ श्री ॥
हॉर्नबी
१ मे २०२५

चि. देवदत्त यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सुमेधाने सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नकोस.

मी माझ्या वडिलांना कधी उलट शब्द बोललो नाही आणि तूही मला बोलला नाहीस. याला मी आजवर संस्कार समजत आलो. मेकॅनिकने नको म्हटलं होतं आणि तू माझा मान राखलास. पोरीला गाडीत बसवून राखलास. असला मान मला नको आहे, देवा. मला तो भीतीसारखा वाटतो, आणि ती भीती मीच घातली असणार. तुझ्या लहानपणी मी कामावरून घरी यायचो तेव्हा तू दप्तर घेऊन आतल्या खोलीत जायचास. मला वाटायचं, अभ्यासू मुलगा आहे.

नवा सेट बसेल तेव्हा तू तिथे उभा राहा. पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट नवेच घ्यायला लाव. ब्रेकचे पाइप चाक पूर्ण खाली लोंबत असताना तपासून घे. आणि पाट्यांच्या टोकांच्या भोकांत बसणाऱ्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच पूर्ण आवळून घे, म्हणजे पुढे सैल पडत नाहीत.

ऑगस्टमध्ये तुमच्याकडे येतो. तुझ्या आईला त्या गाडीत चढता येईल एवढीच उंची ठेव. आशीर्वाद आहेतच, तुझा लोभ मी मागतो आहे.

तुझा,
नाना


॥ श्री ॥
रोटोटुना
११ मे २०२५

ती. नानांना साष्टांग नमस्कार.

काल सेट बसला. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे उभा होतो. यू-बोल्ट नवे घेतले, ब्रेकचे पाइप तपासले. वल्लरी संध्याकाळी मागे बसून ब्लॉकला एक फेरी मारून आली.

नाना, तुमच्या पत्रात एक चूक आहे. बुशचे बोल्ट जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नसतात. तुमच्या गाड्यांना ग्रीस भरायची पितळी बुश होती. हिला रबराची आहेत. गाडी खाली उतरवून चाकांवर वजन आल्यावरच बोल्ट आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं. मोहनला विचारलं, गाडीच्या पुस्तकातही पाहिलं. तुम्ही सांगितलं होतं तसं मी केलं नाही.

हे पत्र लिहून चार दिवस टेबलावर पडून होतं, असं सुमेधा तुम्हाला कळवणारच आहे, म्हणून मीच सांगतो. चुकीबद्दलचं सेट बसायच्या आधीच लिहून ठेवलं होतं, सेट बसल्याचं आणि तुम्ही सांगितलं तसं केलं नाही हे वाक्य आज घातलं. आता वल्लरीला घेऊन पोस्टात टाकायला निघालो आहे.

तुमचा,
देवदत्त