सिनेमा लागला की मला पाणी आणायला पाठवतात

चि. बुटकीस (तू आता आम्हा सगळ्यांत उंच आहेस, पण नाव पडलं ते पडलं),

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? मागच्या पत्रात दीड पान तू पाठीवरच लिहिलं होतंस, त्यावरून ती अजून तुझ्याजवळच आहे असं दिसतं. तुझ्या डॉक्टरने वाकू नका म्हटल्यापासून तू झाडूला हात लावत नाहीस म्हणे. चांगला डॉक्टर आहे, मला पत्ता कळव. माझा डॉक्टर म्हणतो, रोज चाला. कुठे चाला ते सांगत नाही. मी खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून खोलीत चालते आणि दोन्हीकडे बोलायला कुणी नसतं. बाकी तब्येत ठणठणीत, गुडघे सोडून. घरातले सगळे खुशाल आहेत. निदान बंद दारांआडून तसे आवाज येतात.

तू विचारलंस, हल्ली रविवारी टीव्हीवर काय काय बघता, म्हणून. आता मुळापासून सांगते, चहा घेऊन बस. आमच्याकडे रविवारी दुपारी जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असा रिवाज होता. मुलगा, सून, तेरा वर्षांची नात असे तिघं सोफ्यावर, आणि मी वेगळ्या खुर्चीत, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. ही खुर्ची मला मान म्हणून दिली आहे असं मी बरेच दिवस समजत होते. नंतर कळलं, ती दाराजवळ का आहे ते. पडद्यावरचे ते दोघं वीतभर अंतरावर आले आणि वाजंत्री मंद झाली, की आमच्या मुलाचा घसा कोरडा पडतो. "आई, जरा पाणी आणतेस?" मी उठायचं, भांडं भरायचं, परत यायचं, तोवर पडद्यावरचं आटपलेलं असतं. नसेल आटपलं तर सून म्हणते, "आई, हे कोमट आहे, माठातलं आणा ना." (हल्लीच्या सिनेमांत चटकन आटपतच नाही, त्यामुळे मी एकदा तीन फेऱ्या मारल्या आणि मुलाने तिन्ही भांडी प्यायली. नंतर पुढचा अर्धा सिनेमा त्याच्याशिवाय झाला.) नात तेवढ्या वेळात मोबाईलमध्ये तोंड खुपसते, आणि मी आले की माझ्याकडे बघून हसते. कार्टी आहे, पण गोड आहे.

आता मला सांग, माणसाचा हात खांद्यापासून तुटून पडतो, रक्ताची चिळकांडी भिंतीवर जाते, तेव्हा याला तहान का नाही लागत? तेव्हा सगळे शेंगदाणे खात बसतात. सेन्सॉरवाल्यांचंही तसंच. कुणी विडी पेटवली की खाली लगेच अक्षरं येतात, तब्येतीला वाईट म्हणून. पण परवा एका माणसाला लाकडाच्या वखारीत करवतीवर आडवा घातला, तेव्हा खाली काही लिहून आलं नाही. म्हणजे करवत तब्येतीला चालते. शिवी दिली की तिथे टुंग वाजतं, आणि टुंगच्या आत कुठली शिवी होती ते नात ओठांवरून बरोब्बर सांगते. ज्या गाण्यात ती बाई कमरेने असं काही बोलते की तोंडाने बोलायची गरजच राहत नाही, ते गाणं सर्वांसाठी. त्याच गाण्यावर शाळेत पहिलीच्या पोरी नाचल्या, मास्तरणींनी टाळ्या वाजवल्या आणि आमच्या सुनेने ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. तुलाही आलं असेल. आणि एका सिनेमात एक म्हातारा इस्पितळात पडलेला, त्याची बायको इतक्या वर्षांची, ती वाकून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेते, तर आमच्या चिरंजीवांना तहान! मी पाणी घेऊन आले तोवर पडद्यावर लग्नाची वरात चालली होती. म्हाताऱ्याचं काय झालं ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

मी या बाबतीत काही अडाणी नाही, हे तुला ठाऊक आहे. शाळा दुसरीत सुटली (मास्तरांना चावलीस तू, नाव माझं आलं), पण बावीस वर्षं सिनेमागृहात बायकांच्या दारावर स्टूल टाकून तिकिटं फाडली आणि बॅटरीने खुर्च्या दाखवल्या. सिनेमाच्या आधी ते सरकारी प्रमाणपत्र दाखवतात ना, त्यावरच मी वाचायला शिकले. तुझे भावजी वर मशीनखोलीत ऑपरेटर. त्यांची एक पद्धत होती. दुपारच्या घरंदाज खेळाला तसलं काही आलं की ते मशीनच्या भिंगापुढे आपला पंजा धरायचे. पडद्यावर पाच बोटांचा अंधार. खाली शिट्ट्या, "अरे हात काढ!" म्हणून बोंबाबोंब. मालकाने विचारलं तर म्हणाले, पोराबाळांसाठी करतो. मालक इतका खूश झाला की बाहेर फळा लावला, येथे कुटुंबासह निर्धास्त बसा. एकदा तर हात काढायचाच विसरले, आणि खलनायक हाताखालीच मेला. लोक उठायला तयार नाहीत, मेलेला बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणाले. शेवटी रीळ मागे घेऊन त्याला पुन्हा मारावा लागला.

एके दिवशी मी दुसऱ्या बाईला दारावर उभी केली आणि यांना न सांगता मागच्या रांगेत प्रेक्षक म्हणून जाऊन बसले. तोच सिनेमा, तीच जागा आली, आणि बुटके, हात आलाच नाही. सगळं लख्ख दिसलं. पोरंबाळं पुढे बसलेली, कुणाला काही झालं नाही. घरी आल्यावर विचारलं. यांनी कपाळ चोळलं, मशीनचं तेल कपाळाला फासलं आणि म्हणाले, "तू खाली बसलेली असलीस की मला कसंतरीच होतं." म्हणजे माझ्या एकटीपायी अख्ख्या गावाचा सिनेमा कापला जात होता! तेव्हा आमचा मुलगा दोन वर्षांचा होता. तो काही टपालाने आला नव्हता. मी म्हटलं, बावळट आहात. पण दुसऱ्या दिवसापासून माझं स्टूल होतं तिथेच ठेवलं, आणि तसलं काही आलं की मी पडद्याकडे न बघता वरच्या खिडकीकडे बघायची.

तर मुलाला तहान लागते तेव्हा तो हात कुणाचा आहे हे मी ओळखते. म्हणून इतके दिवस न कुरकुरता उठले. पण मागच्या महिन्यात गुडघ्यांनी दगा दिला. त्या रविवारी व्याही आले होते, सुनेचे वडील, निवृत्त हेडमास्तर. सिनेमावर लिहिलेलं, सर्वांसाठी. अर्ध्या तासात त्या दोघांची वाजंत्री मंद झाली. मुलगा म्हणाला, "आई, पाणी." मी म्हटलं, "तुझं तू घे. मी इथे बघून ठेवते, आलास की काय काय झालं ते सांगते." व्याही छताचा पंखा बघायला लागले. (पंखा बंद होता.) सून उठून रिमोट शोधायला लागली. तो माझ्या खाली होता, पण हे मला कसं कळणार? ती म्हणाली, "आई, जरा उठता का?" मला वाटलं हीसुद्धा पाण्यालाच पाठवते आहे. मी म्हटलं, नाही उठणार, आणि आणखी दाबून बसले. मी जसजशी दाबून बसत गेले तसतसा टीव्हीचा आवाज वाढत गेला. पडद्यावर ती दोघं नुसती सुस्कारे टाकत होती, पण ते सुस्कारे इतके मोठे झाले की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर विचारायला आला, आजींना धाप लागली आहे का म्हणून. आणि मला हसू आलं. आवरलंच नाही. नात माझ्याबरोबर हसली म्हणून तिला आत पाठवलं. व्याही चहा न घेता गेले.

पुढच्या रविवारी मुलाने माझ्या खोलीत एक पाटीसारखं यंत्र आणून ठेवलं, कानात घालायच्या बोंड्यांसकट. फार प्रेमाने म्हणाला, "आई, आता तुला हवं ते बघ, कुणासाठी थांबायला नको." ते यंत्र आधी विचारतं, कोण बघतंय? खाली गोल गोल तोंडं. मुलाचं, सुनेचं, नातीचं आणि एक पांडा. पांडा म्हणजे मी. ती नातीची जागा होती सात वर्षांपर्यंतची, ती मोठी झाली म्हणून रिकामी पडली होती. जुने फ्रॉक थोरलीचे धाकटीला जातात, आमच्याकडे ते वर आले. मी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तिथे अस्वलाच्या पिल्लाची गोष्ट बघते. पहिल्या दहा मिनिटांत त्याची आई पुरात वाहून जाते, मग शिकारी येतात, मग सख्खा काका त्याला हाकलून देतो. सात वर्षांच्या लेकरांना हे चालतं, कारण कुणी कुणाचा मुका घेतलेला नाही.

तेव्हापासून रविवारी दिवाणखान्यात कुणीच बसत नाही. मुलगा त्याच्या खोलीत, सून स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून, नात कानात बोंड्या घालून. सगळे बघतात मात्र एकच. परवा मला दोन दारांआडून एकच गाणं ऐकू आलं, एक चार शब्द पुढे, एक मागे. आता कुणाला लाजायला नको, कुणाला उठायला नको. मी माझ्या खुर्चीत बसते. बंद टीव्हीच्या काचेत एक म्हातारी दिसते, तीही दाराजवळच बसलेली असते. शेजारी पाणी भरून ठेवते. ते संध्याकाळपर्यंत तसंच असतं.

असो. मी मजेत आहे. माझी काळजी करू नकोस. पाठीला शेक दे.

तुझी ताई

ता. क. इस्पितळातल्या म्हाताऱ्याचा तो सिनेमा तू बघितला आहेस का? म्हातारा जगला की नाही, तेवढं एका ओळीत कळव.

आणखी ता. क. लहानपणी तू कान पिळायचीस म्हणून मुलगा तुला अजून टरकतो. त्याला एक फोन कर. मी सांगितलं म्हणू नकोस. आई एकटी बसते असलं काही अजिबात बोलू नकोस, नाहीतर माझ्याशी गाठ आहे. इकडचं तिकडचं बोल आणि जाता जाता सांग, की ताईचे गुडघे म्हणे आता एकदम बरे झाले. रविवारी सगळे बाहेर येऊन बसले आणि त्याला तहान लागली, तर ती उठेल.

शेवटची ता. क. गुडघे आहेत तसेच आहेत. पण त्यामुळे काही बिघडत नाही. मी हळू जाईन आणि त्याहून हळू येईन, तेवढ्यात त्यांचं आटपेल.