मेणातली मूठ

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू मागितलेलं अॅल्युमिनियमचं भंगार मागच्या आठवड्यात पाठवलं. खिडकीची चौकट, कुकरची दोन झाकणं, वाकडी पातेली. निवृत्त झाल्यावर लोक झाडांना पाणी घालतात, तू परसात भट्टी पेटवलीस. धन्य आमची वहिनी!

आता खरं सांगते. आईचा पिचका मग सापडत नाही. सगळं घर पालथं घातलं. चार दिवस ती चहाला तोंड लावत नाही, दुसरा पेला पुढे केला की मान फिरवते. डॉक्टर म्हणतात, पोटात पातळ काही जायलाच हवं. झोपेच्या तारेत मीच तो तुझ्या पिशवीत टाकला असणार. वितळवू नकोस रे. मी फार दमलेय.

लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझी,
चिमी

९ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं, पण तो मग रविवारीच वितळला. धातूवर तरंगणारी मळी काढून पाच वड्या ओतल्या; आईचा मग त्यातल्या कुठल्या वडीत गेला, देव जाणे. माझ्या हाताने मुशीत टाकला आणि ओळखला नाही, याची लाज वाटते. तीन वर्षं घरी फिरकलो नाही, दुसरं काय होणार! तू स्वतःला बोल लावू नकोस.

भंगाराच्या धातूतून तिला चहा द्यायचा नाही, त्यात काय काय मिसळलेलं असतं. पण तिला सवय होती ती पकडीची. तिच्या हाताच्या मापाची मूठ ओततो आणि स्टीलच्या मगाला बसवतो. मेणबत्त्या वितळवून कोमट मेणाचा गोळा कर, आईला घट्ट धरायला लाव आणि तो पाठव. तुझी वहिनी म्हणते, या खेळातून एकदा तरी कामाची वस्तू निघू दे.

आईला नमस्कार, तुला जपून राहण्याची ताकीद.
दादा

१४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मेण पाठवतेय. आईने छान धरलं, बोटं नीट उमटलीत. चहा अजून नाहीच, चमच्याने साखरपाणी घेते. शेजारच्या काकूंनी विचारलं, आरशात कधी पाहिलंस? म्हटलं, सवड झाली की बघते. बाकी इथलं ठीक. लवकर कर.

आठवण असू द्यावी.
चिमी

२१ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पहिली मूठ फसली. साच्याची वाळू ओली राहिली, धातू फुरफुरला, नुसती चाळण झाली. दुसरी साधली. कानस मारताना करंगळीच्या खाचेपाशी हात थांबला. ती बाहेरच्या बाजूला वळलेली आहे. तुझी करंगळी मी दारात चेमटवली तेव्हा तू सात वर्षांची होतीस, आणि आईचा मार मी खाल्ला होता. आईचा मग ओळखला नाही, पण हे बोट कसं विसरेन?

म्हणजे मेण आईने नाही, तू धरलंस; आईची मूठ आता मिटत नाही. आणि तू कळवलं नाहीस, कारण कळवूनही दादा येणार नाही, असं धरून चालली होतीस. चुकलो गं.

ही मूठ टपालाने येणार नाही. तुझी वहिनी आणि मी गुरुवारी सकाळी पोहोचतो, महिनाभर राहू. आईला चमच्याने मी पाजेन. मूठ बसवलेला मग तुझ्यासाठी आणतोय, तुझ्याच मापाचा आहे. त्यातून बसून गरम चहा पी, आणि झोप.

दार उघडं ठेव.
दादा