सोफा झटकणारी माणसं

प्रिय ठमे,

नव्या खोलीत हीटर दिवसभर चालतो आणि पोटऱ्यांना खाज सुटते, म्हणालीस. मग हीटर जरा कमी ठेव आणि आंघोळीला कढत पाणी घेणं बंद कर. कोमट पाण्यात पटकन आटप, साबण लागेल तिथेच लाव. टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस, नुसतं टिपून घे आणि अंग ओलसर आहे तोवरच क्रीम चोपड. लोकरीच्या स्वेटरच्या आत सुती काहीतरी घाल. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तुला हे माझ्यासमोरच सांगितलं होतं, पण जरा बरं वाटलं की तू सगळं सोडून देतेस, म्हणून पुन्हा लिहितेय.

माझे हातही या थंडीत फुटलेत. पार्लरमध्ये दिवसभर लोकांची डोकी धुवायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? तुझे काका होते तेव्हा टीव्ही बघता बघता माझे हात ओढून घ्यायचे आणि भेगांत क्रीम जिरवत बसायचे. आपण काही विशेष करतोय असं त्यांच्या गावीही नसायचं. क्रीम लावताना शिव्या मात्र टीव्हीतल्या पुढाऱ्यांना द्यायचे.

म्हणूनच तुझ्या होणाऱ्या सासरचं ते रविवारचं जेवण मी अजून विसरलेले नाही. तू कोपर टेकलंस तिथे त्यांच्या काळ्या मखमली सोफ्यावर चार पांढरे कण पडले. त्या होणाऱ्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत कपड्यांचा ब्रश आणून तू बसलेली असतानाच सोफा झटकला. वर मला गोड आवाजात विचारलं, "हे संसर्गाचं नाही ना?" आणि तुझा तो होणारा नवरा करंगळीच्या नखानं दात कोरत हसला. म्हणाला, "आमच्याकडे घरातच बर्फ पडतो." तेच नख पॅंटला पुसून त्यानं वाढायचा चमचा उचलला. मी त्यानंतर घास गिळला नाही. तुझी आई मात्र सगळ्यांबरोबर हसली. ताईला मी त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

त्या संध्याकाळी तू मोरीत बसून दगडानं कोपरं घासत होतीस. वाफेनं आरसा दिसत नव्हता आणि बादलीतलं पाणी लालसर झालं होतं. मी दगड हिसकावला तेव्हा तू म्हणालीस, "मावशी, मलाच माझी शिसारी येते." पोरी, मला त्या घराची आली होती. दुसऱ्या दिवशी तू अंगठी परत पाठवलीस, तेव्हा कुठे मला नीट जेवण गेलं.

आता हे सगळं का उगाळतेय ते सांगते. काल तो पार्लरमध्ये आला होता. बायका बसलेल्या असताना सरळ आत. कुणीतरी त्याला तुझा नवा फोटो दाखवला म्हणे. मला म्हणाला, "आता स्किन क्लिअर झालीय ना, मग माझी काही हरकत नाही." फर्निचरवाल्यानं पॉलिश करून दिलेलं कपाट परत न्यायला आल्यासारखा उभा होता. मी त्याला दार दाखवलं आणि तो ज्या खुर्चीला टेकून उभा होता ती फिनेलनं पुसली. तो तिथून थेट ताईकडे गेला. आज सकाळपासून ती माझ्या मागे लागलीय, की ठमी तुझंच ऐकते, तिला चार शब्द लिही, तिला राजी कर. तर हेच ते पत्र. तुझी त्वचा पुढच्या थंडीत पुन्हा कोरडी पडेल, त्याच्या पुढच्याही थंडीत पडेल, ती तशीच आहे. त्याला नाही म्हण. आई रडली तरी नाही म्हण, आणि तिचा फोन आला की माझं नाव पुढे कर. तिच्याशी काय बोलायचं ते मी बघते.

तुझीच,
मावशी