तुझा आवाज तिच्याकडे

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि अजून मला धाकटीचा हेवा वाटतो.

तापात माझे कान गेले, तिचे शाबूत राहिले, एवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण तिच्या लग्नानंतर ढोकीच्या घरात मोबाइल आला. मी भूमहून माहेरी आले की रोज सकाळी तेच. तू चुलीपुढं बसलेली, भाकरी थापता थापता फोन खांद्यानं कानाशी दाबलेला, ती तिकडं अणदूरला. तू हसतेस, कपाळावर हात मारतेस, मध्येच पदरानं डोळे पुसतेस. मी तुझ्या ओठांकडं बघत राहते, तर तू तव्याकडं वळतेस आणि निम्मं वाक्य तिकडंच जातं. फोन ठेवलास की मी खुणेनं विचारते, काय म्हणाली? तू पिठाचा हात हलवतेस. "काय न्हाय गं."

अर्धा तास बोलून काय न्हाय?

एकदा मी तुझ्या कानाचा फोन ओढून बंदच केला. तू उठलीस. ओठ नीट दिसावेत म्हणून माझी हनुवटी धरलीस आणि सावकाश म्हणालीस, "ती बी माझीच लेक हाय. तू समोर हाईस. ती न्हाय." त्याच दुपारच्या एसटीनं मी भूमला परत आले. शिलाई मशीनवर बसून ठरवलं, आता जायचंच नाही.

मी तुला मेसेज कधी पाठवत नव्हते. तुला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेलं मला नको होतं. दोनेक महिन्यांनी मशीनवर ठेवलेला माझा फोन थरथरला. तुझा मेसेज. "जवली का". मात्रा राहिली होती. शेजारच्या सुनेनं लिहिला असता तर चुकली नसती. पुढं कळलं, पन्नाशी उलटल्यावर तू रोज दुपारी तिच्याकडं पाटी घेऊन बसत होतीस. मी लगेच उत्तर दिलं नाही. एक बाही दोनदा उसवली, मग लिहिलं, "जेवले". त्यानंतर तू जाईपर्यंत तुझे मेसेज येत राहिले, दोन-दोन, तीन-तीन शब्दांचे. मी ते धाकटीला मिरवून सांगायचे.

आता ती मला व्हिडिओवर फोन करते. मी फोन मशीनला टेकवून ठेवते आणि आम्ही लहानपणच्या खुणांनी बोलतो. मागच्या आठवड्यात ती भूमला आली. तिच्या फोनमध्ये तुझा आवाज आहे, जपून ठेवलेला. तो लावला आणि ती रडायला लागली. मी फोनच्या पाठीवर तळवा ठेवला. नुसती थरथर. काय म्हणते आई? तिनं खुणांनी सांगितलं, म्हशीचं दूध आटलंय, काकाचा पाय दुखतोय, मग आई हसते. कशी हसते? त्याला तिच्याकडं खूण नव्हती. तेव्हा माझा असा जळफळाट झाला, आई, की मी तोंड फिरवून बसले.

तिनं माझा खांदा हलवला. डोळे पुसून म्हणाली, "मला तिनं एक ओळ बी लिहिली न्हाय कधी. लई वाटायचं मला. ते मेसेज दाखव की."

मी सांगितलं, तो फोन केव्हाच बिघडला, सगळं गेलं. तिचे हात मांडीवर पडले. चहा न घेताच ती एसटीला गेली.

फोन चालू आहे. कपाटात साड्यांच्या खाली असतो, दर रविवारी मी तो चार्ज करते. तिला हे सांगायची हिंमत नाही, म्हणून तुला लिहिलं. आता हा कागद घडी करून त्याच्याशेजारीच ठेवते.