फोनवरचा नवरा

प्रिय वगैरे आत्या,

हे स्थळ तू आणलंस, म्हणून शिव्यांचा पहिला मान तुझा. साखरपुड्यानंतर पाच महिने तुझा हा हिरा फोनवर इतकं गोड बोलला की त्या आवाजापायी मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून, लग्न करून परदेशात आले. इथे समोरासमोर बसला की "हं", "बरं" आणि "मीठ दे". तीन महिने झाले. आई म्हणते, कळ काढ. किती काढू?

आज डोकं फिरलं. बॅग भरली, आणि जाण्याआधी निदान कपडे धुऊन टाकावेत म्हणून टोपली घेऊन इमारतीच्या तळघरातल्या सामायिक वॉशिंग मशीनकडे गेले. मशीन सुरू करून त्याला फोन लावला.

"बोल गं राणी," तो म्हणाला. तोच आवाज. "जेवलीस का?"

"मेल्या, आत्ताच तुझ्यासमोर जेवले ना."

"हो. भाजी फार छान झाली होती. तू समोर असलीस की जीभ टाळूला चिकटते गं."

फोन कानाला तसाच धरून मी चार जिने चढले आणि त्याच्यासमोर उभी राहिले. "मी परत चाललेय. आता बोल."

तो घामाघूम झाला. मग माझ्याकडे पाठ करून फोनमध्ये म्हणाला, "जाऊ नकोस."

बॅग पलंगाखाली ढकललीय, रिकामी केलेली नाही. तोंड माझ्याकडे कधी फिरवतो, ते बघते.

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू ते सगळ्या नातेवाइकांना वाचून दाखवशील.

अजून चिडलेली,
तुझी भाची