पेटीतल्या हत्यारांबाबत आणि माझ्या एका खोट्याबाबत

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम (आता बंद), माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे हे आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरची माणसे सध्या माझ्याशी कामापुरतेच बोलतात. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी परवा तपासले. "हात थरथरतोय, डोकं ठिकाणावर आहे," म्हणाल्या. त्यांचा दाखला जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे, ते रद्द समजावे.

१. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खालचे दुकान, पत्नीच्या हयातीत तिच्याच ताब्यात राहील. "आता आमच्याकडे चला" म्हणून तिला कोणी हलवू नये. तिच्यानंतर थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांना निम्मे निम्मे.

२. धाकट्याला मोठे टेबल. त्याने माझी हत्यारांची पेटी दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढली होती. राग नाही. पण टेबलावर गरम भांडे ठेवायची त्याची सवय मी मेल्यावर तरी सुटावी.

३. पेटी आतल्या सर्व हत्यारांसह थोरलीची. तीन रंधे, अकरा पटाशा, चार करवती, गुण्या, हातोड्या, गिरमिट. दुकान बंद केल्यापासून ही पेटी ओल येणाऱ्या भिंतीला टेकून पडली होती. मी ती पंधरा वर्षे उघडली नाही. गेल्या वर्षी थोरली कात्री शोधायला खाली गेली आणि झाकण उघडून तशीच बसून राहिली. सगळ्यांवर गंज चढला होता. मी म्हणालो, "राहू दे, गेली ती." तिने एका पटाशीवरून नख फिरवले. म्हणाली, "वरवरचा आहे, बाबा. नख कुठं अडकत नाहीये."

त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली. मी पॉलिश पेपर पुढे केला, तर मलाच दटावले. "कागदानं अंग खरवडून निघेल. आधी तारेची घासणी आणि शिलाई यंत्राचं तेल." तिचेच बरोबर होते. बहुतेक गंज एवढ्यानेच निघाला. जिथे निघाला नाही तिथे मूठ काढून पाते सकाळी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये घालायचे, दुपारी काढून घासायचे, सोड्याच्या पाण्यात बुचकळायचे आणि लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवायचा. इथे आळस केला तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. पुढे ज्याच्याकडे हत्यारे जातील त्याने हे ध्यानात ठेवावे. लाकडी मूठ व्हिनेगरमध्ये बुडवू नये.

डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी ती पटाशी टेबलावर दाबून धरी आणि उजव्याने घाशी. मी समोर बसून चिंध्या फाडून देत असे. त्या रविवारांइतके सुख मला पुष्कळ वर्षांत लाभले नव्हते, आणि त्यातला एकही मला नीट भोगता आला नाही. का, ते पुढे.

४. सोळा वर्षांपूर्वी थोरली माझ्या दुकानात काम करत होती. तेवीस वर्षांची होती, माझ्याहून सफाईदार सांधा करायची. गोल करवतीच्या पात्यावर लोखंडी झाकण असते. त्या सकाळी जाड फळ्या त्याखाली बसेनात. माल दुपारी पोचवायचा होता. झाकण मी काढले आणि तिला न सांगता फळी मोजायला अंगणात गेलो. तिची दोन बोटे गेली.

दवाखान्यात तिने विचारले, "बाबा, झाकण नव्हतं. कुणी काढलं?"

मी म्हणालो, "तूच काढलं असशील. घाई असते तुला."

तिने थोडा विचार केला. "असेल," म्हणाली.

एवढेच. माझ्या शब्दापुढे तिने स्वतःची आठवण खोटी धरली. पुन्हा लाकडाला हात लावला नाही, तिकीट खिडकीवर नोकरी धरली. मी करवत विकली आणि दुकान बंद केले. लोक म्हणाले, पोरीच्या दुःखाने केले. मी म्हणू दिले.

यंदाच्या पावसाळ्यात माझा मेहुणा आला असता तिच्या हाताकडे पाहून म्हणाला, "पोरीला यंत्राजवळ उभंच करायला नको होतं." ती हसून म्हणाली, "माझाच आगाऊपणा, मामा." तेव्हाही मी चहा पीत राहिलो.

त्यानंतर चौथ्या रविवारी तिला सांगितले. ती रंध्याचे पाते घाशीत होती. घासणी खाली ठेवली. "आईला माहीत आहे?" मी नाही म्हटले. "मी इतकी वर्षं स्वतःला..." तिने वाक्य सोडून दिले. हात धुतले, एकेक बोट पुसले आणि गेली. आज पाच रविवार झाले, आलेली नाही. त्याच रात्री पत्नीलाही सांगितले. तेव्हापासून ती ताट वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवते.

५. मेहुण्याला काही देणे नाही. मात्र हे वाचले जाईल तेव्हा त्याला बोलवावे आणि कलम चार त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे. तो मध्ये बोलेल. बोलू देऊ नये.

६. थोरलीने पेटी नाकारली तर कोणीही तिची मनधरणी करू नये. "बाप होता, चुकला" असे तर मुळीच म्हणू नये. अशा वेळी हत्यारे सुतारकामाच्या वर्गाला द्यावीत. माझ्या अंत्यविधीला ती आली नाही, तर तिला कोणी बोल लावू नये.

वरील सर्व मी पुन्हा वाचले. कलम चारमध्ये खाडाखोड नाही. माफीचा शब्द मी मुद्दाम लिहिलेला नाही. तो कागदावर ठेवून मरणे सोपे आहे. जिवंत आहे तोवर तिच्या दाराशी जाऊन तोंडाने म्हणेन. दार उघडणे न उघडणे तिच्या मर्जीवर.

ठिकाण: राहते घर, खालचे दुकान.
दिनांक: ९ नोव्हेंबर.

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिल्या: (सही) डॉक्टरीणबाई. सही माझ्यासमोर झाली. लिहिणारा शुद्धीवर आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) मी पूर्वी या दुकानात पॉलिशचे काम करीत असे. सही माझ्यासमोर झाली. कलम चार वाचले, ते खरे आहे. झाकण काढताना पाना मीच यांच्या हातात दिला होता. सोळा वर्षे मीही गप्प बसलो. उद्या सकाळी तिकीट खिडकीवर जाऊन पोरीला हे सांगणार आहे.