माळावरची खूण

९ फेब्रुवारी
शिरूरला पोचलो, कामालाही लागलो. रांजणगावची कंपनी सोडली, यवतच्या ढाब्याचं काउंटर सोडलं, मधे टेम्पोवर क्लीनर होतो तेही सोडलं. हे मात्र सोडायचं नाही असा सुषमाताईला शब्द दिलाय. ताई केडगावला असते. बावीस तारखेला तिच्या पोराचं, सार्थकचं, जावळ. पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात, आन् मामा मी एकटाच. बारशाला मी नव्हतो, कुठंतरी कोकणात भटकत होतो. ताई म्हणाली, ह्या खेपेला मांडी आणली न्हाईस तर मांडीसकट तुला विसरंन.

ऑफिस एसटी स्टँडच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर. मालक विनोदसर, शिकवणारी भाग्यश्री. काम मजेशीर आहे. ईमेलवर जाहिराती पाठवायच्या, पण सगळ्या जगाला नाही. नकाशावर एक गोल काढायचा, त्या गोलातल्या माणसांनाच मेल जातो, आन् प्रत्येकाला त्याच्या गावाचं नाव घेऊन. न्हावऱ्याच्या पुढं माळावर प्लॉट पाडलेत, त्यांची जाहिरात चालू आहे. रांजणगावकरांना लिहायचं, शिफ्ट सुटली की बघायला या. यवतकरांना, हायवेपासून जवळ. ताईचा ईमेलपण मी केडगावच्या गोलात टाकून दिला. संध्याकाळी तिचा फोन, हसत होती. ‘केडगावच्या सुषमाताई’ म्हणून मला कोन बोलावतंय, विचारत होती. मी म्हणलं, तुझा भाऊ.

१२ फेब्रुवारी
मेल सगळ्यांना सोडायच्या आधी स्वतःला पाठवून बघायचा असतो. माझा मला येईचना. भाग्यश्री म्हणाली, तुमचा मोबाईल तुमच्यासारखाच हाय, एका जागी टिकत न्हाई, मग सिस्टीमला कळायचं कसं तुम्ही कुठले. मग नकाशावर आपल्या नावाची खूण हातानं लावायची. ऑफिसवर लावा, तपासा, आन् काढून टाका, असं तिनं दोनदा बजावलं.

मी खूण ऑफिसवर नाही लावली, सरळ त्या माळावर लावली. म्हणलं, तिथल्या माणसाला मेल कसा दिसतो बघू. लगेच आला. ‘खंडू, आता तुम्ही इथलेच.’ ओळ झकास, भाग्यश्रीचं डोकं चालतं. तेवढ्यात खाली रसवंतीची घुंगरं वाजायला लागली. रस प्यालो, रसवाल्याशी बैलांवर गप्पा झाल्या, त्याचा बैल म्हणे माणूस बघून चाल बदलतो. खूण काढायची राहिली. उद्या काढतो.

१५ फेब्रुवारी
खोलीचे मालक भिमाजी आबा. तरणेपणी मेंढरं घेऊन सगळा मुलूख फिरलेत. आमचेही मेंढरंवालेच, पण मी कधी काठी धरली नाही. आबा सांगत होते, रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी बोलावून मेंढरं बसवून घेतात. मी माळाचं नाव काढलं. आबा म्हणाले, तिथं कुनी मेंढरं बसवीत न्हाई. बसतच न्हाईत ती. गोल गोल फिरत्यात, दमून पडंस्तोर. चकवा हाय तिथं.

मी गंमत म्हणून सांगितलं, मी तिथं माझ्या नावाची खूण लावलीय. आबांनी कप खाली ठेवला. सोताच्या हातानं लावलीस, एवढंच विचारलं. मग उठून आत गेले.

खूण अजून काढली नाही. उद्या नक्की.

१८ फेब्रुवारी
आज खूण काढायला बसलो. खुणांच्या यादीत माझं नावच नाही, काढणार काय.

डोकं जड झालं म्हणून गाडी काढली, रांजणगावच्या बाजूला गेलो. म्हंजी माळाच्या उलट्या दिशेला. भर दुपार, लख्ख ऊन. कारखान्यांच्या भिंती लागायला हव्या होत्या. लागला माळावरच्या प्लॉटचा पिवळा बोर्ड. मागं वळलो. परत बोर्ड. तिसऱ्यांदा गाडीच बंद पडली. मोबाईल वाजला. ‘खंडू, आलात. बरं झालं.’

दुधाच्या टेम्पोवाल्यानं आणून सोडलं. गाडी तिथंच आहे.

२० फेब्रुवारी
भाग्यश्रीला सगळं सांगितलं. ‘आता तुम्ही इथलेच’ ही ओळ तिची नव्हतीच. असलं कशाला लिहीन म्हणाली. तिनं नकाशा उघडला. माळावर गोल, आत माणसं किती, तर एक. तिनं गोल पुसला. परत आला. पुसला. परत आला, जरा मोठा होऊन. विनोदसर म्हणाले, सुट्टी घे, जावळाला जाऊन ये, डोकं ठिकाणावर येईल.

उद्याच निघतो. एक दिवस आधी. मांडी पोचली पाहिजे.

२१ फेब्रुवारी
सकाळची एसटी. ड्रायव्हरच्या शेजारी बसलो, रस्त्यावरची नजर काढली नाही. न्हावरा आला. माणसं उतरली, चढली. मग—

माळावर उभा आहे. मुठीत केडगावचं तिकीट. एसटी नाही, रस्ता नाही. पायाखाली चालून चालून पडलेली गोल वाट. ठसे माझ्याच चपलांचे. मी आत्ताच आलोय ना?

मोबाईलवर लिहितोय. मधे एकदा रेंज आली, ताईचा फोन. तिलाही मेल गेलाय. ‘केडगावच्या सुषमाताई, खंडू इथं आहे. त्याला निघता येत नाही. सार्थकला घेऊन या.’ म्हणाली, तुला येनं व्हत न्हाई तर आमीच येतो, मांडी कुठं का आसंना. मी नको म्हणलं, ओरडलो. तिला ऐकू गेलं का—

ताईला यादीत मी टाकलं. मीच.

२२ फेब्रुवारी
उजाडलं. चालतोय. थांबलो की पाय आपोआप—

रेंज नाही. ताईला मेसेज जात नाही. मेल मात्र येतात. ‘या गोलात माणसं: एक.’

लांब धुरळा. ताईची पांढरी गाडी, एकटीच चालवतीय. हात हलवले, मागं फिर, मागं फिर—

गेली पुढं. सुटली.

परत आली. त्याच बाजूनं. ह्या वेळी जवळून. काचेला सार्थकचा हात.

परत.

मेल. ‘या गोलात माणसं: तीन.’

गाडी थांबली. ताई काच खाली घेऊन विचारतीय, खंडू, केडगावचा रस्ता कुठ—